बरडातले गोटे

वरोऱ्याच्या आसपासची जमीन सगळी सारखी नाही. नाल्याच्या एका अंगाला काळीभोर, कसदार. पऱ्हाटी कमरेच्या वर जाते. दुसऱ्या अंगाला लालसर, पांढुरकी, गोट्यांनी भरलेली. आमच्या वाट्याला दोन्ही आल्या. काळीचे चार एकर आणि बरडाचे तीन. काळीला आबाजी 'वावर' म्हणत आणि बरडाला नुसते 'तिकडचं'. तिकडच्यात तीळ, नाही तर बाजरी पेरायची. आलं तर आपलं, नाही तर पाखरांचं.

या तिकडच्यात गोटे फार. उन्हाळ्यात वखरपाळी झाली, की आम्हा पोरांना टोपल्या देऊन गोटे वेचायला पाठवत. सकाळी जायचे, ऊन चढेपर्यंत वेचायचे आणि धुऱ्यावर नेऊन टाकायचे. दरवर्षी वेचले तरी दरवर्षी तेवढेच. पाऊस आला, की माती धुऊन जायची आणि नवे गोटे वर यायचे. आबाजी म्हणत, "हे वावर गोटेच पिकवते रे बाप्पा. बाजारात याले भाव असता तं आपण मालगुजार झालो असतो."

हे गोटे साध्या दगडांसारखे नव्हते. काही लिंबाएवढे, काही कवठाएवढे, एखादा नारळाएवढा. एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला निमुळते. काहींच्या अंगावर वळ्या पडलेल्या, जणू कुणी ओली माती मुठीत धरून दाबली आहे. हातात घेतले तर जड. लहान गोटे गोफणीत बरोबर बसत. ज्वारीवर राघूंचे थवे उतरले, की माचीवर उभे राहून आम्ही हेच गोटे भिरकावत असू. किती भिरकावले असतील याची गणती नाही.

पिसदुरा हे गाव आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या शिवारातही असलेच गोटे. लग्नकार्याला तिकडे गेलो, की बाप्ये मंडळी बोलत, "तुमच्याकडं बी तेच अन् आमच्याकडं बी तेच." गोटे म्हणजे आमच्या भागाचे सामाईक दुखणे होते.

मी दहावीत असेन. पोळा होऊन गेला होता. तिकडच्यात बैल चारत होतो तर नाल्याकडून एक जीप आली. त्यातून तीन-चार माणसे उतरली. डोक्यावर टोप्या, हातात लहान हातोडे, खांद्याला कापडी पिशव्या. आम्हाला वाटले, जमीन मोजायला आले. कोळशासाठी जमीन जाणार. कारण कोळसा हा शब्द आमच्या भागात आजचा नाही. इंग्रजांच्या काळात वरोऱ्याला सरकारी खाण होती, कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली होती. त्यामुळे हातोडेवाला माणूस दिसला, की आबाजींच्या पोटात गोळा यायचा.

पण ही माणसे मोजत काही नव्हती. खाली वाकून आमचेच गोटे उचलत होती. एकाने हाडासारखा दिसणारा एक पांढरा तुकडा उचलला आणि चक्क जिभेला लावला! आम्ही पोरे खिदळू लागलो. त्यांनी तो तुकडा जिभेवरून ओढून दाखवला. तो चिकटला होता. म्हणाले, दगड झालेल्या हाडात बारीक भोके राहिलेली असतात, ती ओल ओढून घेतात, म्हणून हाड जिभेला चिकटते. साधा दगड चिकटत नाही. ही परीक्षा मी पुढे कितीदा तरी केली.

आबाजी काठी टेकत आले. "सायेब, काय येचून रायले?"

त्यातले वयस्क होते ते हसले. एक मोठा गोटा आबाजींच्या हातात देत म्हणाले, "बाबा, हे काय आहे सांगा."

"गोटा होय. दुसरं काय?"

"हे शेण आहे. करोडो वर्षांपूर्वीच्या जनावराचं शेण. त्याचा दगड झाला."

आबाजींनी गोटा फिरवून फिरवून पाहिला. नाकाशी नेला. मग शांतपणे म्हणाले, "मंग इतक्या वर्साचं शेण असून हे वावर पिकत काहून नाई?"

सगळे पोट धरून हसले. हा किस्सा पुढे वीस वर्षे आमच्या घरात सांगितला गेला. पण त्या दिवशी रात्री आबाजी अंगणात खाटेवर पडून बराच वेळ जागे होते. मला म्हणाले, "जनावर केवढं असन रे थे? एवढा एक पो टाकते म्हणजे."

त्या जनावराचा माग मी पुढे नोकरीत असताना, वाचनालयात बसून, जमेल तसा काढला. आमच्या तालुक्याचा इतिहास म्हणजे गोंडराजे, मग भोसले, मग इंग्रज आणि मग बाबा आमट्यांचे आनंदवन, एवढाच मला शाळेत कळला होता. त्याच्या खाली किती थर आहेत, हे गोट्यांमुळे कळले.

सगळ्यांत खालचा थर आमच्यापुरता कोळशाचा. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी इथे दलदल होती आणि जिभेसारख्या लांबट पानांची ग्लॉसॉप्टेरिस नावाची झाडे होती. ती गाडली गेली, दबली आणि कोळसा झाला. त्यावर वाळूचे खडक आले. मग फार मोठा काळ गेला. नंतर या भागात नद्या आणि तळी झाली, त्यांनी लाल-हिरवी चिकणमाती आणून टाकली. या थराला भूशास्त्रात लमेटा म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून हे नाव पडले. आमचे बरड म्हणजे हा लमेटा. आणि त्याच्याही वर, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तो थिजून काळा पाषाण झाला. सह्याद्रीपासून आमच्यापर्यंत पसरलेला तो हाच पाषाण. आम्ही त्याच्या पूर्वेकडच्या काठावर आहोत. काठावर असल्यामुळेच आमच्याकडे एका नाल्यात खालचा थरही उघडा दिसतो आणि वरचाही. पश्चिमेकडे बुलढाण्या-अकोल्याला तो खालचा थर पाषाणाखाली झाकलेला आहे.

बाबांनी तिकडच्यात विहीर खणली होती, तेव्हा मी हे सगळे डोळ्यांनी पाहिले होते, पण समजले नव्हते. वर वीतभर काळी माती, मग पांढरी चुनखडी, मग लाल चिकणमाती. ती ओली झाली, की फुगायची आणि ढासळायची. दोनदा विहीर बुजली. खाली वाळूचा खडक लागला तेव्हा कुठे पाणी आले. बाबा त्या लाल मातीला शिव्या देत. गोटे आणि हाडे त्याच लाल मातीत होती.

या गोट्यांकडे पहिल्यांदा शास्त्राच्या नजरेने पाहणारा माणूस म्हणजे नागपूरचे स्टीफन हिस्लॉप. ज्यांच्या नावाचे कॉलेज आज नागपुरात आहे तेच. स्कॉटलंडचे हे मिशनरी १८४५ साली नागपूरला आले. शाळा चालवायची, धर्माचे काम करायचे आणि उरलेल्या वेळात दगड जमवायचे, असा त्यांचा क्रम. सोबतीला रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे मिशनरी. दोघांनी मिळून नागपूरच्या परिसराच्या भूगर्भाविषयी १८५५ मध्ये लंडनच्या नियतकालिकात लेख लिहिला. आमच्या वर्धा खोऱ्याच्या बाजूला मांगली गावी सापडलेली एक कवटी त्यांच्यामुळे इंग्लंडला पोचली. ज्यांनी 'डायनोसॉर' हा शब्द घडवला, त्या रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्येच तिचे वर्णन लिहिले. ती बेडकाच्या लांबच्या नात्यातल्या एका प्राण्याची होती. पिसदुऱ्याची हाडे आणि शेणगोटेही हिस्लॉपनीच जगापुढे आणले.

सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटकडची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना, रात्रीच्या वेळी, पुराच्या नाल्यात ते बुडाले. आमच्याकडचे नाले उन्हाळ्यात कोरडे, भाद्रपदात घात करणारे. घोड्यावरचा माणूसही त्यातून सुटत नाही. दगड शोधणारा माणूस दगड पाहून परततानाच गेला, हे वाचले तेव्हा मला तो परका वाटला नाही.

पुढे चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्ये खास पिसदुऱ्याच्या शेणगोट्यांवरच लेख लिहिला. इंग्रजीत गावाचे नाव 'पिजदुरा' असे छापले. आकारावरून त्यांनी गोट्यांचे प्रकार पाडले. सर्वांत मोठा तो 'अ' प्रकार. आबाजींनी नाकाशी नेलेला गोटा त्याच प्रकारातला असावा. मग कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे सोहनलाल जैन आले. पिसदुऱ्याला सापडलेल्या एका कासवाला त्यांनी १९७७ मध्ये नाव दिले, त्यात 'पिसदुरेन्सिस' असा शब्द आहे, म्हणजे पिसदुऱ्याचे. ज्या गावाचे नाव तालुक्याबाहेर कुणाला माहीत नाही, ते जगभरच्या शास्त्रज्ञांच्या वह्यांत गेले आहे.

आणि ते जनावर? तेही सापडले. वरोऱ्याच्याच परिसरात डोंगरगावच्या टेकडीवर १९८० नंतरच्या दशकात मोठे खोदकाम झाले. मान, पाठ, शेपटी, खांदा, पुढच्या पायाची अशी पुष्कळ हाडे एकाच जनावराची निघाली. लांब मानेचे, चार पायांवर चालणारे, झाडपाला खाणारे जनावर. जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन छापले. आज त्याला 'इसिसॉरस कोलबर्टी' म्हणतात. पहिला शब्द कोलकात्याच्या त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आणि दुसरा एडविन कोलबर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञावरून. मोठे शेणगोटे असल्याच लांब मानेच्या जनावरांचे असावेत, असे मानतात. कारण त्यांचीच हाडे गोट्यांच्या शेजारी सापडतात.

आबाजी तोवर गेले होते. त्यांना सांगायला हवे होते, जनावर केवढे असन ते.

आता माझी गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय ही पूर्ण होत नाही.

बाबा गेल्यावर मी नोकरी सोडून गावी आलो. लागोपाठ दोन वर्षे कापूस बुडाला. सोसायटीचे कर्ज थकले, वर सावकाराचे होतेच. सगळे सोयाबीनकडे वळत होते. मी हिशेब केला, की तिकडच्याचे तीन एकर सपाट केले, वर काळी माती आणून टाकली आणि बोअर मारली तर सोयाबीन येईल. २००४ च्या उन्हाळ्यात जेसीबी लावला. धुऱ्यावर तीन पिढ्यांनी वेचून टाकलेल्या गोट्यांचा ढीग होता, माणसाच्या छातीएवढा उंच. पांदण रस्त्याच्या भरावासाठी एका ठेकेदाराला गोटे हवे होते. त्याने डिझेलचा खर्च देऊ केला. दोन टिप्पर भरून गेले.

मला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. ते शेण आहे हे मला दहावीपासून ठाऊक होते. हिस्लॉपविषयी मी वाचले होते. पण मनात असे होते, की जे शोधायचे ते शोधून झाले. हाडे कोलकात्याला गेली, पुस्तकात नावे आली. उरले ते गोटे. गोट्यांत काय ठेवले आहे?

पुढच्याच वर्षी, २००५ च्या दिवाळीनंतर, वर्तमानपत्रात लहानशी बातमी आली. पिसदुऱ्याच्या शेणगोट्यांत गवत सापडले. 'सायन्स' या जगप्रसिद्ध नियतकालिकात तो शोध छापून आला होता. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी अशी ती मंडळी.

यात एवढे काय, असे कुणालाही वाटेल. जनावराच्या शेणात गवत नाही तर काय निघणार? पण शास्त्रज्ञांची समजूत उलटी होती. ते मानत, की डायनोसॉर होते तेव्हा गवत जवळजवळ नव्हतेच. ते संपले आणि मग गवत पसरले. चित्रांतसुद्धा डायनोसॉरच्या पायाखाली गवत काढू नये असा दंडक. पिसदुऱ्याच्या गोट्यांनी तो मोडला. एक नव्हे, निदान पाच जातींच्या गवताच्या खुणा त्यांत निघाल्या.

खुणा कसल्या, तेही सांगण्यासारखे आहे. गवत कापताना पात्याने बोट कापते, हे आपल्याला ठाऊक आहे. धानाचा कोंडा अंगाला लागला तर खाज सुटते. कारण गवत जमिनीतून पाण्याबरोबर वाळूचा अंश शोषते आणि पानात त्याचे बारीक कण साठवते. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. पान कुजते, पोटात पचते. हे कण पचत नाहीत आणि कुजत नाहीत. प्रत्येक प्रकारच्या गवताच्या कणाचा आकार वेगळा, शिक्क्यासारखा. गोट्याचा तुकडा प्रयोगशाळेत विरघळवायचा आणि उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. कोणत्या जातीचे गवत होते हे कळते.

२०११ मध्ये याच मंडळींनी आणखी पुढचे सांगितले, की लमेटाच्या शेणगोट्यांत धानाच्या कुळातल्या गवताच्याही खुणा आहेत. आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, सगळा धानाचा. नागभीड तालुक्यातले दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकडाभर शेतात ओंब्या निवडून निवडून एचएमटी धान तयार केले, ते देशभर गेले. त्या धानाच्या कुळाची एक फार जुनी खूण आमच्या जिल्ह्यातल्या शेणाने जपून ठेवली होती.

त्याआधी २००४ मध्ये दुसरा एक लेख आला होता. तो मी नंतर वाचला. त्यात शेणगोट्यांमधल्या बुरशीचा शोध होता. करपा रोग आणणारी बुरशी आणि भुरी आणणारी बुरशी, यांच्या कुळातल्या बुरशा त्यांत सापडल्या. पानांवरचा रोग पोटात गेला, म्हणजे जनावर झाडाचा पाला खात होते, असा त्याचा अर्थ. मी तो लेख वाचला तेव्हा मुगावर भुरी आली होती आणि मी पाठीवर पंप घेऊन फवारणी करत होतो. ज्या जागी मी भुरीशी झगडत होतो, त्याच जागी भुरी पडलेला पाला खाऊन ती जनावरे हिंडत होती.

मी बांधावर बसलो. दोन टिप्पर गोटे आठवले. त्यात काय काय होते ते आता कुणालाच कळणार नाही. पांदण रस्त्याखाली गेले, त्यावर मुरूम पडला, रोलर फिरला. गावाची सोय झाली, हेही खरे. पावसाळ्यात आता बैलबंडी अडकत नाही. माझे सोयाबीनही झाले. तीन वर्षे बरे झाले, मग बोअर आटली. कर्ज फिटले ते शेवटी काळीतल्या एका एकरावर.

कधी कधी मी हिशेब करतो. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर ते जनावर आणि मी यांच्यात सव्वीस लाख पिढ्यांचे अंतर आहे. भाटाच्या वहीत आमच्या घराण्याच्या सातच पिढ्या आहेत. सव्वीस लाख पिढ्यांइतका काळ लाव्हा अंगावर घेऊन, मातीत दबून, पावसात धुऊन जे टिकले, ते मी उन्हाळ्याच्या दोन दिवसांत डिझेलच्या पैशांवर देऊन टाकले. यात ठेकेदाराचा दोष नाही. त्याला गोटे हवे होते, त्याने गोटे नेले. ठाऊक मला होते.

जुन्या चांदा जिल्ह्याच्याच दक्षिण टोकाला, सिरोंचाजवळ वडधमला जीवाश्म पार्क आहे. लोक दगड झालेली झाडे पाहायला जातात. मी नातवाला घेऊन गेलो होतो. तो म्हणाला, "आबाजी, आपल्या वावरात बी असं होतं ना?" मी होय म्हणालो. कुठे गेले ते त्याने विचारले. मी सांगितले, जसे होते तसे सांगितले.

तिकडचे आता पुन्हा बरड झाले आहे. वर टाकलेली काळी माती चार पावसाळ्यांत नाल्याला गेली. लाल माती उघडी पडली आणि पुन्हा गोटे वर येऊ लागले. आता मी वेचून धुऱ्यावर टाकत नाही. जिथे निघाला तिथेच ठेवतो, कारण शिकलेल्या माणसांनी मला सांगितले, की गोटा कोणत्या थरातून निघाला हे कळले नाही तर त्याची अर्धी माहिती जाते. उचलून घरी नेऊन कपाटात ठेवणे म्हणजेही एक प्रकारे भरावात टाकणेच. निंदणाला येणाऱ्या बायांनाही मी तसे सांगितले आहे.

परवा त्यातली एक जण हाक मारून म्हणाली, "भाऊ, इकडं या बरं. हे शेण होय का गोटा?"

मी जाऊन पाहिले. साधा चुनखडीचा गोटा होता.

"गोटा होय," मी म्हणालो.

"मंग फेकू काय?"

"फेक."

तिने तो लांब नाल्याकडे भिरकावला आणि पुन्हा खाली वाकून, पुढे सरकत, एकेक गोटा पाहू लागली.